सिनेमे पाहून झाल्यावर सुपरहिरो कॉमिक्स कशासाठी वाचायची?

प्रश्न असा आला आहे: "मार्व्हल आणि डीसीचे बहुतेक सिनेमे पाहून झालेत. गोष्टी माहीत आहेत, शेवट माहीत आहेत. मग मूळ कॉमिक्स वाचून वेगळं काय मिळणार? तुम्ही इतकी वर्षं ही कॉमिक्स वाचताय, शिवाय चित्रकथांची पानं मांडण्याचं काम करता आणि शिकवताही. तुम्हाला त्यांतलं नेमकं काय आवडतं?"

थेट सांगतो: मला आवडतं ते पान. पात्रांवर प्रेम आहेच, पण सुपरमॅन किंवा स्पायडर-मॅन आता सगळीकडे भेटतात. पान मात्र फक्त कॉमिक्समध्येच भेटतं. सिनेमात वेळ दिग्दर्शकाच्या हातात असतो. इथे तो वाचणाऱ्याच्या हातात असतो आणि चित्रकाराला स्थिर चौकटींमधून तो घडवावा लागतो. त्यासाठी त्याच्यापाशी असतात वीस-बावीस पानं, डोक्यावर महिन्याची मुदत आणि, जुन्या काळात तरी, सगळ्यात स्वस्त कागद. या अडचणींतून माणसांनी जे काढून दाखवलं, त्यावर माझा जीव आहे. गोष्ट आधीच ठाऊक असल्याने काही बिघडत नाही. राम वनवासाला जाणार हे ठाऊक असूनही माणसं कीर्तनाला बसतातच. बुवा तो प्रसंग कसा उभा करतात, हे ऐकायला बसतात.

एक उदाहरण सावकाश पाहू, कारण माझं निम्मं उत्तर त्यातच आहे.

'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा 33 वा अंक, मुखपृष्ठावर फेब्रुवारी 1966. शब्द स्टॅन लीचे, चित्रं स्टीव्ह डिट्कोची. या काळात कथानकही डिट्कोच रचत होता आणि तसं श्रेय अंकावर छापलं जात होतं. पीटर पार्करची, म्हणजे स्पायडर-मॅनची, मे काकू रुग्णालयात मरणाच्या दारात आहे. तिला वाचवू शकेल असं द्रव्य डॉक्टर ऑक्टोपस या खलनायकाच्या पाण्याखालच्या अड्ड्यात आहे. पीटर तिथे पोचतो, मारामारी होते आणि एक अजस्र यंत्र त्याच्या अंगावर कोसळतं. द्रव्याची कुपी समोर जमिनीवर पडलेली, हात पुरत नाही इतक्याच अंतरावर. वरून पाणी गळायला लागलंय. आधीचा अंक इथेच संपला होता, म्हणजे त्या वेळच्या वाचकांनी हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून महिना काढला.

नवा अंक उघडला की पुन्हा तेच. पुढची चार-पाच पानं डिट्को दुसरं काहीही करत नाही. एक माणूस वजनाखाली अडकलाय, एवढंच. पहिला प्रयत्न फसतो. तो खचतो. काकू आठवते, बेनकाका आठवतो. बेनकाका आपल्या चुकीमुळे गेला, हे त्याच्या मनातून कधीच गेलेलं नाही. पुन्हा जोर लावतो. चौकटींमध्ये यंत्राचा काळा भार वरून दाबत राहतो आणि तळाशी उरलेल्या सांदीत तो लाल-निळा देह असतो. यंत्र थोडं उचललं जातं तशी चौकटही मोठी होते, त्याच्याभोवती जागा वाढते. मग पान उलटायचं, आणि समोर एकच पूर्ण पानाची चौकट: यंत्र उधळलेलं, पाणी कोसळतंय, पीटर मोकळा.

विद्यार्थ्यांना हा प्रसंग दाखवताना मी संवादाचे फुगे कागदाने झाकतो. स्टॅन लीचे शब्द चांगले आहेत, मात्र इथे ते जरा जास्तच बोलतात. ते झाकले तरी गोष्ट पूर्ण कळते. किती वेळ लागला, किती दुखलं, कुठल्या क्षणी त्याने हार मानली होती, सगळं कळतं. चौकटीच्या आकारातून कष्ट दाखवणं ही कॉमिक्सची स्वतःची भाषा आहे. 2017 च्या स्पायडर-मॅन सिनेमात हा प्रसंग आहे आणि अभिनेत्याने तो जीव ओतून केला आहे. पण तिथे पडद्याचा आकार तोच राहतो. डिट्कोच्या पानावर जागाच आधी माणसाला चिरडते आणि मग त्याला सोडते.

यातलाच आणखी एक धागा मला फार प्रिय आहे. मे काकू आजारी का पडली? आधीच्या एका आजारपणात पीटरने तिला रक्त दिलं होतं, 10 व्या अंकात, 1964 साली. त्याच्या रक्तातला किरणोत्सर्ग तिच्या अंगात गेला. प्रेमापोटी दिलेलं रक्त दीड-दोन वर्षांनी तिच्या जिवावर उठतं. मधल्या अंकांमध्ये वाचक ते विसरूनही गेले असतील, लेखक-चित्रकार विसरले नव्हते. कर्माचा असा लांबचा हिशेब दोन तासांच्या सिनेमात बसवता येत नाही. दर महिन्याच्या अंकात तो आपसूक बसतो.

पान उलटण्याचा उल्लेख वर आला, त्यावर थोडं. उघडलेल्या अंकात दोन पानं एकदम दिसतात, म्हणून धक्का द्यायचा असेल तर तो डावीकडच्या पानावर, पान उलटल्यावरच दिसेल असा ठेवतात. उजवीकडच्या पानाची शेवटची चौकट पुढे ओढणारी हवी. इंग्रजी अंकात डावी पानं सम आकड्यांची, त्यामुळे लेखक पटकथा लिहितानाच सम-विषमचा हिशेब धरतो. मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून वाचलं की हा सगळा बांधीव खेळ मोडतो. स्क्रीनवर वाचायचं असेल तर किमान पूर्ण पान एकदम दिसेल असं ठेवा, जमलं तर समोरासमोरची दोन्ही.

सुपरमॅनच्या मृत्यूची कथा बहुतेकांना ऐकून माहीत असते. अंक विक्रीला आला नोव्हेंबर 1992 मध्ये. काळ्या पिशवीत बंद, वर रक्ताळलेलं 'एस' अक्षर. वर्तमानपत्रांत बातम्या झाल्या, लोकांनी गुंतवणूक म्हणून प्रती घेतल्या, आणि त्या गदारोळात पानांकडे फारसं कोणी पाहिलंच नाही. आता सलग वाचताना पाहा. शेवटच्या लढाईच्या एका अंकात दर पानावर चार चौकटी आहेत. त्यानंतरच्या अंकात तीन. मग दोन. आणि 'सुपरमॅन' 75 मध्ये प्रत्येक पान म्हणजे एकच चौकट. डॅन जर्गन्सचा हा अंक तुम्ही काही मिनिटांत संपवाल, पण प्रत्येक ठोसा पानभर आहे. चौकटी कमी होत जातात तसा सुपरमॅनचा वेळ संपत जातो. कथेचा विषय मला फार खोल वाटत नाही, डूम्सडे हा राक्षस तर निव्वळ हाडामासाचा डोंगर आहे. पण चार वेगवेगळ्या मालिकांच्या लेखक-चित्रकारांनी मिळून ही उतरती मोजणी पाळली, याचं मला आजही कौतुक वाटतं.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांचा 'ऑल-स्टार सुपरमॅन', 2005 ते 2008, बारा अंक. पहिल्या पानावर सुपरमॅनची सगळी जन्मकथा आहे. नष्ट होणारा ग्रह, हतबल शास्त्रज्ञ, निघालेलं यान, ते सापडणारं प्रेमळ जोडपं. चार चौकटी, मूळ इंग्रजीत एकूण आठ शब्द. सिनेमे दरवेळी अर्धा-पाऊण तास याच गोष्टीवर घालवतात. इथे पान उलटलं की सुपरमॅन थेट सूर्याजवळ उडतोय. याच मालिकेच्या दहाव्या अंकात एक पान आहे: उंच इमारतीच्या कठड्यावर एक मुलगी उडी मारायच्या बेतात उभी आहे. सुपरमॅन मागून येतो, तिच्या खांद्यावर हात ठेवतो, तिला सांगतो की तू स्वतःला समजतेस त्यापेक्षा खूप खंबीर आहेस, आणि ती त्याला बिलगते. ठोसा नाही, उड्डाण नाही. ज्याला कोणी विचारतं की सुपरमॅन इतका शक्तिमान आहे तर त्याच्या गोष्टीत रस कसा वाटणार, त्याला मी हे पान उघडून देतो.

मी अक्षरांकनाचं कामही केलं आहे, म्हणून लेटरिंगबद्दल जास्त बोलणार आहे. वाचकाला अक्षरं दिसत नाहीत, ती ऐकू येतात, आणि ती नीट ऐकू यावीत म्हणून कोणीतरी डोळे फोडून बसलेलं असतं. फुगा कुठे ठेवायचा, त्याचं शेपूट कोणाकडे वळवायचं, कोणाचं वाक्य आधी वाचलं जाईल, हे सगळं लेटरर ठरवतो. फुग्यांच्या जागा चुकल्या तर उत्तम रेखाटलेलं पानही अडखळतं.

वॉल्टर सायमन्सनने 1983 मध्ये 'थॉर'चा, म्हणजे त्या नावाच्या नॉर्स देवावरच्या मालिकेचा, 337 वा अंक हाती घेतला. लेखन त्याचं, चित्रं त्याची, अक्षरांकन जॉन वर्कमनचं. मुख्य कथेशी संबंध न लावता मध्येच एक दृश्य येतं: अंधारात कोणीतरी अवाढव्य हात तप्त धातूवर घण घालतोय, आणि आवाज उमटतो, 'डूम!' अक्षरं चित्राइतकीच मोठी, कोनदार, पाषाणात कोरल्यासारखी. पुढच्या अंकात पुन्हा एखादं पान, पुन्हा तोच घण. कोण आहे, काय घडवतोय, सांगत नाहीत. थॉर कधी प्रेमात, कधी दुसऱ्याच लढाईत, आणि अधूनमधून तो आवाज. सुर्तुर नावाचा अग्निराक्षस सगळं जग जाळायला तलवार घडवतोय, हे उघड होईपर्यंत बरेच महिने गेलेले असतात. छापील कागदावर आवाज नाही, तरी त्या काळातल्या वाचकांना विचाराल तर तो घण त्यांना ऐकू आलेला असतो. चित्रकार आणि लेटरर एकाच विचाराने काम करतात तेव्हा काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

याच अक्षरांनी एकदा वाचकांचं काळीजही चिरलं. 'अमेझिंग स्पायडर-मॅन' 121, जून 1973. लेखक जेरी कॉन्वे, चित्रं गिल केन आणि जॉन रोमिटा यांची. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक पीटरच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली फेकतो. स्पायडर-मॅन जाळं सोडतो, ते तिच्या पायाला जाऊन चिकटतं, ती वाचली असं वाटतं. पण त्या चौकटीत तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत एक आवाज लिहिलेला आहे: 'स्नॅप'. बस, तेवढंच. वर ओढून घेतल्यावर पीटर तिच्याशी बोलत राहतो आणि मग त्याला कळतं. तो बारीक शब्द नसता तर ग्वेन पडण्याआधीच गेली होती, असं मानून पीटरला सोडून देता आलं असतं. तो शब्द म्हणतो की तिला वाचवण्याच्या धडपडीतच ती गेली. वाचकांनी पत्रांचा भडिमार केला, आणि 125 व्या अंकाच्या पत्रव्यवहाराच्या पानावर संपादकांनी मान्य केलं की पडणं एकदम थांबल्याच्या हिसक्यानेच तिचा जीव गेला. एका चौकटीच्या कोपऱ्यातल्या शब्दावर अशी चर्चा होणं, आणि ती पुढच्या अंकात छापून येणं, हा या वाचकवर्गाचा मला आवडणारा गुण. इथे बारकाईने वाचणारे वाचक नेहमीच होते.

अलीकडचं पाहायचं तर हॉकआय या धनुर्धर नायकाच्या 'हॉकआय' मालिकेचा 19 वा अंक, 2014 चा. लेखक मॅट फ्रॅक्शन, चित्रकार डेव्हिड आजा. नायकाला ऐकू येईनासं झालंय, म्हणून समोरचा बोलतो तेव्हा फुगा असतो, पण आत काही नसतं. बरेचसे संवाद सांकेतिक खुणांच्या आकृत्यांतून होतात, आणि त्यांचा अर्थ बाजूला लिहून दिलेला नाही. ती खुणांची भाषा येणाऱ्या बधिर वाचकाला हा अंक तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतो. मला ही कल्पना अतिशय आदराची वाटते.

रंगांकडे वळतो. जुन्या कॉमिक्सचे रंग भडक असतात असं लोक म्हणतात. ते तसे का, हे पाहण्यासारखं आहे. काळ्याखेरीज तीनच शाया: निळसर, किरमिजी, पिवळी. प्रत्येक शाई पूर्ण, निम्मी, पाव, किंवा अजिबात नाही. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे जास्तीत जास्त 64 छटा. कलरिस्ट पानाच्या छोट्या प्रतीवर जलरंगाने रंग भरून प्रत्येक भागावर खुणा लिहायचा. मग कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला छपाईच्या प्लेटांसाठी एकेका रंगाचे भाग हाताने वेगळे केले जायचे, आणि हे काम मुख्यतः स्त्रिया करायच्या. त्यांची नावं अंकावर कधी आली नाहीत. छपाई इलिनॉयमधल्या स्पार्टा गावात, वर्तमानपत्राच्या दर्जाच्या कागदावर.

आता हल्क हिरवा का, ते लक्षात येईल. मे 1962 च्या पहिल्या अंकात तो करडा होता. करडा रंग मिळवायला तिन्ही शायांचं प्रमाण नेमकं जुळावं लागतं, आणि त्या छपाईत ते जुळेना. एका पानावर फिका, दुसऱ्यावर जवळजवळ काळा. दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला. जगभर ओळखली जाणारी ती हिरवी कातडी छापखान्यातल्या अडचणीतून आली आहे. सुपरमॅनच्या केसांतली निळी चमकही तशीच, नुसता काळा ठोकळा सपाट दिसतो म्हणून निळ्याने उजळवलेली. नायक लाल-निळे-पिवळे आणि खलनायक बहुधा हिरवे-जांभळे, हा संकेतही त्याच मोजक्या छटांमधून रुळला. आज संगणकावर लाखो छटा उपलब्ध आहेत आणि पुष्कळ अंकांमध्ये सगळंच एकसारखं तुकतुकीत, तपकिरी दिसतं. म्हणून मॅट हॉलिंग्जवर्थचा 'हॉकआय' बघा. मोजके जांभळे-निळे रंग, सपाट, जागच्या जागी. त्याला जुन्या मर्यादेची किंमत माहीत आहे.

आपल्याकडच्या पन्नाशी-साठीच्या वाचकांना हे सगळं वेगळ्या वाटेने भेटलं. इंद्रजाल कॉमिक्स 1964 मध्ये सुरू झालं आणि ली फॉकचा फँटम मराठी घरांत 'वेताळ' म्हणून आला. अंगाला चिकटलेला पोशाख, बुबुळं न दिसणारा मुखवटा, ही सुपरहिरोची खूण वेताळाने 1936 मध्येच, सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी आणली होती. ज्यांनी वेताळ वाचला आहे त्यांनी सुपरहिरोंना परकं समजायचं कारण नाही. 2004 मध्ये तर मार्व्हलच्या परवानगीने मुंबईतला स्पायडर-मॅनही निघाला, पवित्र प्रभाकर, जीवन कांगच्या चित्रांत धोतर नेसलेला. चार अंकांची ती कथा मला तोकडी वाटली, मूळ कथेतली नावं बदलून बसवल्यासारखी. चित्रं मात्र जिवंत आहेत, आणि 2023 च्या ॲनिमेशनपटात त्या पात्राला जो नवा बहर आला त्याची मुळं तिथेच आहेत.

दीर्घ मालिका हे माझं आणखी एक मोठं प्रेम. ख्रिस क्लेअरमाँटने 1975 ते 1991 अशी सोळा वर्षं 'एक्स-मेन' ही जन्मजात शक्ती असलेल्या नायकांच्या गटाची मालिका लिहिली. बंद पडल्यात जमा असलेली मालिका त्याने घेतली आणि तिच्यातल्या माणसांना वाढू दिलं. स्टॉर्म सुरुवातीला देवीसारखी अलिप्त असते, मग नेतृत्व करते, केस कापते, शक्ती गमावते, आणि शक्ती नसतानाही नेतृत्व परत मिळवते. हे घडायला बरीच वर्षं लागली आणि वाचकही तितकाच मोठा झाला. सगळ्यात गाजलेली कथा डार्क फिनिक्सची, 1980. जॉन बर्नबरोबर रचलेल्या या कथेत जीन ग्रे शक्तीने भान हरपून एक तारा गिळते आणि पाच अब्जांची वस्ती असलेला ग्रह नष्ट होतो. मूळ बेत असा होता की शेवटी तिची शक्ती काढून घ्यायची आणि तिला घरी जाऊ द्यायचं. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले: इतक्या जिवांचा घास घेतल्यावर असं सुटता येणार नाही. शेवट पुन्हा काढला गेला आणि 137 व्या अंकात जीन स्वतःहून मरण पत्करते. मूळ शेवट 1984 मध्ये वेगळा छापला गेला. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. संपादकाची ढवळाढवळ म्हटली की आपण नाक मुरडतो, पण इथे ढवळाढवळीनेच कथेला वजन आलं.

आणि त्यापुढचा 138 वा अंक! अंत्यसंस्कार, जीनच्या प्रियकराच्या, स्कॉटच्या आठवणी, तो घर सोडून निघतो, आणि त्याच दारात किटी प्राइड ही तेरा-चौदा वर्षांची मुलगी सामान घेऊन येते. मोठ्या लढाईनंतर एक संथ अंक द्यायचा, माणसांना रडू द्यायचं, जेवू द्यायचं, बेसबॉल खेळू द्यायचा, ही 'एक्स-मेन'ची सवय मला लढायांहून जास्त आवडते.

सगळंच आवडतं असं नाही. जीन परत आली, सुपरमॅन वर्षाच्या आत परत आला, मरणाची किंमत घसरली. दर उन्हाळ्याला एक महायुद्ध काढायचं आणि ते कळायला दहा मालिका विकत घ्यायला लावायच्या, ही पद्धत वाचकाला थकवते आणि नवा वाचक दारातूनच परत जातो. अशा कथा मी सरळ सोडून देतो. तुम्हीही सोडा, काही चुकत नाही. सगळी कालरेषा पाठ असल्याशिवाय वाचता येत नाही, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक अंक कोणाचातरी पहिला अंक असतो, हे जुने संपादक लेखकांच्या मनावर ठसवायचे.

या आवडीत एक कर्तव्यही आहे, ते सांगितल्याशिवाय माझं उत्तर पुरं होणार नाही. जेरी सीगल आणि जो शुस्टर, क्लीव्हलंडची दोन ज्यू मुलं, स्थलांतरितांच्या घरातली. त्यांच्या सुपरमॅनची पहिली गोष्ट 'ॲक्शन कॉमिक्स'च्या जून 1938 च्या पहिल्या अंकात तेरा पानांची आली. त्या तेरा पानांत एकही महाखलनायक नाही. निरपराध बाईची फाशी थांबवायला तो मध्यरात्री गव्हर्नरच्या घरात घुसतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला वठणीवर आणतो, सिनेटरला हाताशी धरणाऱ्या दलालाच्या मागे लागतो. मंदीतल्या गरीब पोरांनी कोणाविरुद्ध शक्ती मागितली ते स्वच्छ दिसतं. त्या कथेचे त्यांना 130 डॉलर मिळाले आणि त्यातच सुपरमॅनचे हक्क गेले. पुढे दोघांनी हलाखीत दिवस काढले, शुस्टरची दृष्टी अधू झाली. 1975 मध्ये नील ॲडम्स, जेरी रॉबिन्सन आणि इतर चित्रकारांनी आवाज उठवल्यावर वॉर्नर या डीसीच्या मालक कंपनीने दोघांना वर्षाला 20,000 डॉलर देऊ केले आणि त्यांची नावं परत छापायला सुरुवात झाली. बॅटमॅनचा झगा, टोकदार कानांचा मुखवटा, ब्रूस वेन हे नाव, यांत बिल फिंगरचा मोठा वाटा. तो 1974 मध्ये गेला, अधिकृत श्रेय मिळालं 2015 मध्ये. जॅक कर्बीने 'फँटास्टिक फोर'चे सलग 102 अंक काढले. गॅलॅक्टस ग्रह गिळायला येतो त्या 1966 च्या कथेत स्टॅन लीशी ठरलेलं नसताना त्याने स्वतःच्या मनाने फळीवर उभा चंदेरी दूत रेखाटून पाठवला, तोच सिल्व्हर सर्फर. त्याच कर्बीला म्हातारपणी स्वतःची मूळ चित्रं परत मिळवायला झगडावं लागलं.

म्हणून अंक उघडला की मी आधी नावं वाचतो: लेखक, पेन्सिलर (पेन्सिलने रेखाटणारा), इंकर (त्यावर शाई फिरवणारा), कलरिस्ट, लेटरर, संपादक. तुम्हीही ही सवय लावून घ्या. याचा व्यवहारी उपयोगही आहे. पात्राच्या मागे गेलात तर चांगल्या अंकानंतर चार टाकाऊ अंक पदरात पडतील. माणसाच्या मागे गेलात तर फसगत कमी होते.

सुरुवात कुठून करायची, तर सुट्या अंकांच्या मागे लागू नका, पुस्तकरूपातले संग्रह घ्या. 'ऑल-स्टार सुपरमॅन' आधी, त्याला कुठल्याही पूर्वज्ञानाची गरज नाही. मग फ्रॅक्शन आणि आजाचा 'हॉकआय'. घरात शाळकरी मुलगी किंवा मुलगा असेल तर 2014 पासूनची कमला खानची 'मिस मार्व्हल' घ्या: जर्सी सिटीतलं स्थलांतरित पाकिस्तानी कुटुंब, आईचा धाक, प्रेमळ बाप, मशिदीतले प्रश्न, आणि यांच्यामध्ये अंगात शक्ती आलेली सोळा वर्षांची पोर. त्याच भागात राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांनाही ती जवळची वाटेल. डिट्कोचा 'स्पायडर-मॅन' या यादीत तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकावर घ्या, आधी नको. साठच्या दशकातल्या गद्याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो, आणि पहिल्या अंकापासून सलग वाचत आलात तरच 33 व्या अंकातलं ते यंत्र खरं जड लागतं.